वाटीभर दुष्परिणाम

प्रफुल्लने मोबाइलवर सूर्यफुलाच्या तेलाचा व्हिडिओ पाहिला आणि त्याच संध्याकाळी घरातला तेलाचा डबा हद्दपार केला. बीपी, शुगर, गुडघेदुखी, सगळ्या खटल्यांत आरोपी एकच. पण ओतून द्यायला जीव होईना. मग डिलाईल रोडच्या चाळीत त्याने ते विष घरोघरी वाट्या भरून वाटलं आणि वर दुष्परिणामही ऐकवले. बायकांनी दुष्परिणाम शांतपणे ऐकले आणि वाट्या आत नेल्या.

रविवारी त्याच्या मुलीला, संघमित्राला बघायला राजरत्न आणि त्याचे वडील वसंतराव येणार होते. ओळख तेलविरोधी ग्रुपवरची. "आमच्या घरात असल्या तेलाचा थेंब नाही," हा प्रफुल्लचा शब्द वसंतरावांना मुलीच्या डिग्रीपेक्षा जास्त भावला होता. संघमित्राला मुलगा फोटोपासूनच आवडला होता, त्यामुळे ती तेलाबद्दल अवाक्षर काढत नव्हती.

नवऱ्याच्या हुकमावरून सीमाने बटाटेवडे वाफवले.

"अहो, हे वडे नाहीत, पेशंट आहेत," ती म्हणाली.

जय भीम करून पाहुणे टेकतात तोच दारात शेजारच्या कौसल्यामावशी आणि मागे अख्खी गॅलरी. चाळीत कुणाची वाटी रिकामी परत करत नाहीत, त्यात आज पाहुणे. कांदाभजी आली, टम्म पुऱ्या आल्या, कुरकुरीत बोंबील आले. प्रफुल्लला घाम फुटला.

"सगळं तुपातलं," त्याने घाईने जाहीर केलं.

वसंतरावांनी एक भजी घेतली. मग बोंबील. पुढच्या घासाला त्यांचे डोळेच मिटले.

"बघा," प्रफुल्ल चेकाळला, "शुद्ध वस्तूची चवच वेगळी."

"कसलं तूप रे?" मावशी म्हणाल्या. "तुझंच तेल ते. मस्त तापतं."

संघमित्राने राजरत्नकडे पाहिलं, राजरत्नने बापाकडे, बापाने हातातल्या बोंबलाकडे.

"ग्रुपवर टाकणार आहात का हे, प्रफुल्लराव?"

"छे छे. तुम्ही?"

"माझं तोंड भरलंय."

निघताना वसंतरावांनी उरलेली भजी बांधून मागितली. सीमाने डबा भरला आणि सावकाश परत द्या म्हणाली.

"सावकाश कशाला? साखरपुड्याची तारीख काढायला येऊ तेव्हा आणू. भरून."

पाहुणे जिना उतरले मात्र, प्रफुल्ल रिकामी वाटी घेऊन मावशींच्या दारात उभा.

"थोडं उरलंय का?"

मावशींनी आधी त्याला सगळे दुष्परिणाम ऐकवले, एकही न गाळता. मग वाटी भरली.