उंदरांच्या आंघोळीचा निकाल

रविवारी कोणी कोणाला आंघोळ घालायची, यावर आप्पा शेवाळ्यांच्या दोन पाळीव उंदरांनी हरकत घेतली आणि अनुग्रह सोसायटीने ती रीतसर दाखल करून घेतली.

आप्पांना हे कळलं तेव्हा ते टबात कोमट पाणी ओतत होते. सेक्रेटरी मोहिते दारातूनच म्हणाले, "आप्पा, पाणी ऱ्हाऊ द्या तसंच. स्टे लागलाय."

"कशावर?"

"आंघोळीवर."

आप्पांनी हातातला तांब्या टबात सोडून दिला. महिनाभरापूर्वी हेच मोहिते नाकाला रुमाल लावून आले होते. जिन्यात वास मारतो, तो उंदरांचाच असणार, तेव्हा उंदीर स्वच्छ ठेवा, असं त्यांनीच सांगितलं होतं. तेव्हापासून आप्पा दर रविवारी बाह्या सरसावून बसत होते. धुवा म्हणणारे तेच आणि धुऊ नका म्हणणारेही तेच. अशा माणसाशी काय बोलणार?

खरं तर धुणं या विषयात आप्पांना कोणी शिकवायला जाऊ नये. त्यांची उभी हयात एसटीच्या डेपोत गाड्या धुण्यात गेली होती. आधी टप, मग काचा, मग बाजू, शेवटी चाकं. घाण वरून खाली येते, म्हणून धुणंही वरून खाली, हा त्यांचा नियम. काकवी आणि साखरी या दोन उंदरांनाही त्यांनी तोच लावला. आधी डोक्यावर तांब्या, मग पाठ, मग पोट, सरतेशेवटी पंजे आणि शेपूट. उंदराच्या डोक्यावर पाणी ओतायचं नसतं, कानात जातं, हे डेपोत कोणी सांगितलं नव्हतं. पहिला तांब्या पडला की तपकिरी काकवी नखं रोवत आप्पांच्या दंडावरून खांद्यावर आणि तिथून थेट टकलावर जाऊन बसायची. तिला उतरवेपर्यंत पांढरी साखरी दुसऱ्या दंडावरून निघालेली असायची. आप्पांच्या हातांना आठवडाभर हळद लागलेली असे.

एवढं करून उपयोग काय? आंघोळ झाली की दोघी दिवस मावळेपर्यंत अंग चाटून शांपूचा वास काढत. पिंजरा आप्पांनी फिनेलने पुसलेला असे, म्हणून मग त्या कोपऱ्याकोपऱ्यात थेंब थेंब लघवी करून आपला वास परत लावून घेत. आप्पा जितकं धूत, तितका पिंजरा जास्त घाण होई. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. आप्पांच्या अगदी नाकी नऊ आले होते.

मुळात उंदीर त्यांनी आणलेच नव्हते. त्यांची बायको शालन लव्हबर्डची जोडी आणायला बाजारात गेली आणि या दोघींना घेऊन आली. "बसल्या होत्या कोपऱ्यात, कुणी घेईना," एवढंच म्हणाली. आप्पांनी तिच्याशी आठवडाभर अबोला धरला. गेल्या वर्षी शालन गेली. त्यानंतर घरात आप्पांशी बोलायला या दोघींशिवाय कोणी उरलं नाही, आणि म्हणूनच या हरकतीने ते नुसते चिडले नव्हते, त्यांना लागलंही होतं. काही अडचण होती तर घरात सांगायची. सोसायटीत कशाला जायचं?

सुनावणी तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत झाली. अध्यक्ष इंगवलेबाई खुर्चीवर होत्या. काकवी आणि साखरीला भाकरीच्या दुरडीत घालून आप्पांनाच आणावं लागलं.

"तुमचं म्हणणं मांडा," इंगवलेबाई काकवीला म्हणाल्या.

"आम्ही रोजच्या रोज अंग धुतो," काकवी म्हणाली. "जेवायच्या आधी, जेवल्यावर, निजताना. पाय, शेपूट, कानामागं, सगळं. मानेपर्यंत आपलं तोंड पोचत नाही, म्हणून ती एकमेकींची धुतो. आम्हाला आंघोळीची गरज नाही. जिन्यातला वास आमचा नाही."

"मग कोणाचा आहे?"

काकवीने साखरीकडे पाहिलं. साखरीने मिश्या खाली केल्या. "घरातल्या माणसाबद्दल चारचौघांत कसं बोलायचं," ती म्हणाली.

आप्पांच्या टकलावर कोणीतरी मिरे वाटतंय असं त्यांना झालं. "म्हंजी वास माझा? बाई, मी रोज दोन बादल्या कढत पाण्यानं आंघूळ करतो. ह्यास्नी म्या धुवायचं, आन ह्यांनी वर मलाच घाण म्हणायचं? चोराच्या उलट्या बोंबा."

"आप्पा, तुमच्यावर कोणी ठपका ठेवलेला नाही. चौकशी करून ठरेल," इंगवलेबाई म्हणाल्या. "चौकशीला चांगलं नाक लागेल. इमारतीत सर्वांत चांगलं नाक कोणाचं?"

"अर्जदारांचंच," मोहिते म्हणाले.

"ज्यांची हरकत, त्यांनीच तपासायचं?" आप्पांनी विचारलं.

"दुसरं नाक सुचवा, विचार करू."

"मोहित्यांचं घ्या की. तक्रार त्यांचीच होती."

"मला बारा म्हैने सर्दी असतीय," मोहिते म्हणाले. "तक्रार मिसेसच्या नाकावरनं केलेली. ती म्हायेरला गेलीय."

दुसरं नाक न आल्याने काकवी आणि साखरीची नेमणूक झाली. दोघी पायऱ्या हुंगत वर चढल्या, मागून कमिटी, त्यामागून रिकामी दुरडी घेऊन आप्पा. त्या उंबऱ्यापाशी थांबल्या, आत गेल्या, पिंजऱ्यावरून सरळ पुढे गेल्या. मोरी पाहिली, चपला पाहिल्या, दोरीवरचा बनियन पाहिला. बनियनपाशी साखरी शिंकली. मग आप्पांना पाटावर बसवून सदरा काढायला सांगण्यात आलं. काकवी त्यांच्या पाठीवर चढली आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध थांबली.

"इथं," ती म्हणाली. "भाकरीएवढी जागा आहे. बाकी माणूस स्वच्छ आहे."

इंगवलेबाईंनी वाकून वास घेतला आणि मान डोलावली. मोहित्यांनीही घेतला. सर्दी असूनही त्यांना आला.

"ही जागा आधी कोण घासत होतं?" बाईंनी विचारलं.

रविवारी शालन साडीचा ओचा खोचून मोरीच्या दारात यायची, काथ्याने पाठ खसखसून काढायची आणि घासता घासता आठवडाभराचं बोलून घ्यायची. पाठ तिच्याकडे असल्याने आप्पांना उठून जाता यायचं नाही.

"मालकीण," ते म्हणाले.

"आणि नंतर?"

"नंतर कोण घासणार?"

मोहित्यांनी उगाच कॅलेंडरकडे पाहिलं. बाईंनी मात्र तिथेच उभ्याने निकाल सांगितला. उंदरांना आंघोळ घालण्यात येऊ नये. पिंजऱ्यातला भुसा एका वेळी अर्धाच बदलावा, अर्धा त्यांच्या ओळखीच्या वासाचा राहू द्यावा. फिनेल बंद. रविवारची आंघोळ चालू राहील, मात्र ती अर्जदारांनी आप्पांना घालावी. आप्पांना हे मान्य नसल्यास अर्जदारांची सोय वरच्या मजल्यावर मोहित्यांकडे करण्यात यावी, कारण त्या घरात प्रत्येकाची पाठ घासायला माणूस आहे.

"उंदीर मला आंघूळ घालणार?" आप्पा म्हणाले. "आख्खा डेपो धुतलाय म्या."

"डेपोतल्या गाड्यांची पाठ तुम्हाला दिसत होती," इंगवलेबाई म्हणाल्या आणि खाली उतरल्या.

आप्पा हट्टाला पेटले. माळ्यावरून गाड्यांच्या टपाचा लांब दांड्याचा ब्रश काढला, मोरीत उलटा धरला आणि जोर केला. सालटं निघालं, पण भलत्याच जागेचं. मग पंचा दोन्ही हातांत धरून आडवा ओढला, तर खांदा धरला. मग मोरीच्या भिंतीला काथ्या खिळ्यांनी ठोकून त्यावर म्हशीसारखी पाठ घासली. दर वेळी काकवी चढून बघायची आणि शांतपणे म्हणायची, "पोचलं नाही, आप्पा." तिच्या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता, आणि त्यामुळे आप्पांना जास्तच राग यायचा. स्वतःच्याच अंगाची एक जागा आपल्याला सापडू नये, म्हणजे काय?

इकडे मोहित्यांनी गॅलरीतल्या कुंड्या सरकवून पिंजऱ्यापुरती जागा केली. माहेराहून परतलेल्या मिसेस मोहिते जिन्यात भेटल्या. "आप्पा, त्यांना तोंडली चालतात का हो?" त्यांनी विचारलं. आप्पा वर आले आणि पिंजऱ्यापुढे बसले. दोघी आत एकमेकींच्या मानेत तोंड घालून झोपल्या होत्या. पिंजरा गेला तर त्या भिंतीपाशी काय ठेवायचं, याचा त्यांनी विचार करून पाहिला. काही ठेवण्यासारखं नव्हतं.

रविवारी ते मुकाट्याने मोरीत पाटावर बसले. काकवीने वाटीने पाणी घेतलं, साखरीने काथ्याचा बोळा घेतला आणि कमरेपासून सुरुवात केली.

"खालनं कुठं चाललीयास? वरनं खाली यायचं असतंय," आप्पा म्हणाले.

"तुम्ही गाडी नाही, आप्पा."

"पाणी लई कढत झालंय."

"हालू नका."

"आन त्यो काथ्या हलक्या हातानं..."

पुढचं वाक्य अर्धंच राहिलं, कारण बोळा त्या भाकरीएवढ्या जागेवर पोचला होता. साखरी बेताच्या जोराने गोल गोल घासू लागली आणि काकवी घासता घासता बोलू लागली. भुशात या वेळी गवताच्या काड्या आल्यात, समोरच्यांच्या पाखरानं पिंजरा बदलला, तुम्ही रात्री घोरता पण तालात घोरता, असलंच काहीतरी. आप्पांना उठून जाता येत नव्हतं. त्यांना रडू फुटलं, चांगलं हुंदके येऊन फुटलं.

"साबण गेला डोळ्यात," ते म्हणाले.

"साबण अजून लावलाच नाही," साखरी म्हणाली.

मग तिने साबण लावला.

असे बरेच रविवार गेले. पुढे एकदा आंघोळीच्या वेळीच मोहित्यांनी कडी वाजवली आणि आप्पांच्या हाकेसरशी ते मोरीच्या दारापर्यंत आले. आप्पा पाटावर, पाठीला फेस, त्यावर दोन उंदीर.

"आनंदाची बातमी हाय, आप्पा," मोहिते म्हणाले. "जिन्यातला वास गेला. मिसेसचं तर म्हणणं, पार गेला. बाईंनी प्रकरण बंद करायला सांगितलंय. आजपासून तुमची सुटका."

आप्पांनी मान वळवली नाही. "वास हाय अजून," ते म्हणाले.

मोहिते वाकले आणि त्यांनी नाक ओढून ओढून वास घेतला. त्यांना फक्त साबणाचा वास आला. "मला तर काहीच येत न्हाई."

"तुम्हाला सर्दी असतीय."

"मिसेसलाबी येत न्हाई."

"नेमलेलं नाक तुमच्या मिसेसचं न्हाई," आप्पा म्हणाले. "ज्यांचं हाय, त्यांना विचारा."

मोहित्यांनी काकवीकडे पाहिलं. काकवी पुढे सरकली, त्या जागेवर नाक टेकवून थोडा वेळ थांबली आणि पुन्हा बसली.

"आहे," ती म्हणाली. "चांगलाच आहे."

"किती दिवस राहील?"

"जुना वास आहे. सांगता यायचं नाही."

मोहित्यांनी बरं म्हटलं, प्रकरण चालू असल्याचं बाईंना कळवतो म्हणाले, आणि जाताना मोरीचं दार ओढून घेतलं, कारण आत आंघोळ चालली होती.