काई न्हाई

बंकटशेटनं सकाळी न्हाणीत पाय ठेवला आणि तो पाय थेट घंगाळापर्यंत जाऊन थांबला. मागोमाग शेटही पोचले, बसल्या बसल्या.

"न्हाणी हाय का तळं हाय ही?" ते आतूनच गरजले. "आन् आजच पेशकारसाहेब यायलेत!"

घाटनांदुरात शेटचं मिठाचं दुकान. राकेल विकायच्या परवान्यासाठी त्यांचा अर्ज तीन वर्षं तहसिलीत पडलेला. ज्यांच्या शेऱ्यावर तो अडला होता, ते पेशकारसाहेब आज दौऱ्यावर येऊन इथंच आंघोळ-जेवण करणार होते. आणि न्हाणी ही अशी! भिंतीला कमरेइतकी काळी बुरशी, फरशीवर हिरवी मखमल.

"घासायला काय झालं तुला?" शेट कंबर धरून बायकोवर तुटून पडले.

चतुराबाई काही कमी तापलेली नव्हती. "घासते की! विटकरीनं घासते, राखेनं घासते. सकाळी काढलं की सांजच्याला उगवतंय. चार वर्सं सांगायलेय, त्या भिंतीला खिडकी पाडा, ऊन येऊ द्या. तुमी भायेरून मिठाची पोती रचली! वारा न्हाई, उजेड न्हाई. आता मी काय पदरानं वारा घालू भिंतीला?"

"लई बोलायलीस!"

"लई दिवस गप होते!"

त्या संतापातच शेटनं निर्णय घेतला. घासायचं नाही, झाकायचं! चुन्याचं मडकं आणलं, कुंचा बुडवला आणि भिंत, कोपरे, फरशी, सगळ्यावर दोन दोन हात मारले. (एक हात धोतरावरही बसला, पण रागात कोण बघतो?) घटकाभरात न्हाणी दुधासारखी पांढरी.

"याला म्हणतात डोकं!"

"खालचं काढलंच न्हाई तुमी."

"तू गप बस बरं!"

साहेब आले. माणूस शिस्तीचा, बोलणं मोजकं. न्हाणीच्या दाराशी जोडे काढता काढता त्यांनी विचारलं, "सेठ, अंदर काई तो नै ना?"

शेटची उर्दू गिऱ्हाइकापुरती. त्यांना वाटलं, साहेब विचारतात, आत काही अडचण तर नाही ना? त्यांनी हात जोडले. "काई न्हाई, साहेब! तुमच्या कृपेनं काईच न्हाई!"

"पक्का?"

"आवो, या घरात कधी काई न्हवतंच!"

साहेब निर्धास्त आत गेले. आधी तांब्या वाजला, मग घंगाळ, मग साहेब.

बाहेर आले तेव्हा अर्धी दाढी चुन्यानं पांढरी, आणि कोपराला वीतभर हिरवं शेवाळ. ते त्यांनी सोलून शेटच्या नाकासमोर धरलं.

"ये क्या है?"

"शे... शेवाळ, साहेब."

"इसीको काई बोलते!" साहेब कडाडले. "तीन बार बोला तुम, काई नै, काई नै!"

जेवताना मात्र साहेब शांत होते. वाढणाऱ्या चतुराबाईला त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की हे असं कशानं झालं. तिनं चार वर्षांचं सगळं ओतलं; मिठाच्या पोत्यांसकट. साहेबांनी सोबत आणलेल्या अर्जावर तिथंच उर्दूत चार ओळी लिहिल्या, कागद शेटच्या हाती दिला आणि घोड्यावर बसले.

शेट कागद घेऊन मुन्शीकडे पळाले. मुन्शीनं वाचलं, आणि हसू दाबत मराठीत सांगितलं: "ज्याला घरातलं निसरडं आवरत न्हाई, त्याच्या हाती राकेल कसं द्यावं? भिंतीला खिडकी पाडावी. काई गेल्याबद्दल घरच्या बाईनं या कागदावर अंगठा द्यावा. मगच परवाना."

पोती हलली. खिडकी आली, ऊन आलं. आणि रोज पहाटे शेट स्वतः उकिडवे बसून, दात-ओठ खात, विटकरीनं फरशी घासू लागले. बाजारात कुणी "काय शेट, काई विशेष?" म्हटलं, तरी ते अंगावर धावून जायचे.

आठव्या दिवशी कागद नि दौत घेऊन ते चतुराबाईपुढं उभे राहिले. तिनं सावकाश घंगाळ सरकवलं, त्याच्यामागच्या कोपऱ्यातून अंगठा फिरवला आणि उठली. शेटनं घाईघाईनं दौत पुढं केली.

"शाई कशाला?" ती म्हणाली.

अंगठा आधीच हिरवागार होता.

"ह्योच लावू का?"

शेटनं कागदाची घडी घातली, आणि विटकर उचलली.