फुलपुडीतला बल्गेरिया

सातवीच्या भूगोलासाठी एखादी माहितीपुस्तिका मिळावी, म्हणून यशोदाबाई गांगुर्डे यांनी दिल्लीच्या बल्गेरियन वकिलातीला पत्र लिहिलं. पत्राला वजन यावं म्हणून शेवटी एक ओळ जोडली, 'आमच्या शाळेतले सहाशे विद्यार्थी ती वाचतील.' वकिलातीने विश्वास ठेवला. महिनाभराने नाशिकच्या त्यांच्या नगरपालिकेच्या शाळेत 'बल्गेरिया : इतिहास, लोक और संस्कृति' या हिंदी पुस्तिकेच्या सहाशे प्रती येऊन पडल्या.

हेडमास्तरांना आपल्या खुर्चीपर्यंत पोचता येईना. "बाई, इन्स्पेक्शन तोंडावर आलंय. हा देश आधी माझ्या खोलीतून हलवा!"

बाईंनी शिपाई पुंजारामला बोलावलं. "कुठंतरी कोरड्या जागी ठेव. दिवाळीच्या सुट्टीनंतर वाटू."

पुंजारामच्या माहितीतली कोरडी जागा एकच, त्याच्या बहिणीचं, फुलाबाईचं, गोदाकाठच्या बाजारातलं फुलांचं दुकान. 'ठेव' म्हणजे 'वापर' नव्हे, हे सांगायचं मात्र तो विसरला. कागद छान गुळगुळीत होता, ओल्या फुलांनीही फाटत नव्हता. आठवड्यात शेजारच्या पेरूवाल्यानं आणि मेथीवालीनंही गठ्ठे मागून नेले.

सुट्टी संपली आणि वकिलातीचं दुसरं पत्र आलं. 'आमचे अधिकारी श्री. पेत्रोव्ह सोमवारी येत आहेत. सहाशे वाचकांना भेटण्यास ते उत्सुक आहेत.' पत्र हाती पडलं तेव्हा सोमवारच होता.

"पुंजाराम, पुस्तकं घेऊन ये, पळ!"

पुंजारामनं टोपी काढून हातात घेतली. "पुस्तकं नाय बाई."

"नाही म्हणजे? गेली कुठं?"

"गावात गेली. सुटी सुटी."

बाई पुंजारामला घेऊन तशाच टांग्यात बसल्या. निदान पन्नास पानं तरी गोळा करावीत, असा त्यांचा विचार होता. फुलाबाईच्या दुकानापुढे ही गर्दी! आणि मधोमध एक उंच, गोरा साहेब हातातल्या फुलपुडीकडे टक लावून बघत उभा. बाईंना घालायला हार घ्यावा म्हणून पेत्रोव्ह साहेब स्टेशनवरून थेट इथेच आले होते. हार त्यांना त्यांच्याच देशात गुंडाळून मिळाला होता.

बाई माफी मागायला टांग्यातून उतरून पुढे सरसावल्या. पण फुलाबाई साहेबाला सोडायला तयार नव्हती.

"साहेब, ह्यो राजा तुमचा ना? मी वाचाया घेतलं तवा हे एकच पान उरलं व्हतं. राजानं मरताना पाच पोरांना जवळ बोलावलं, म्हनला, आन् पान संपलं! काय म्हनला वो?"

"आन् तुमचं दही खाऊन मानसं लय जगत्यात म्हनं?" पेरूवाला मागून ओरडला.

पेत्रोव्ह साहेब चक्क फुलांच्या पोत्यावर बसले. निशिगंधाच्या दांड्यांची जुडी उचलून हिंदीत म्हणाले, "राजानं अशी काड्यांची जुडी दिली आणि म्हणाला, मोडून दाखवा. कुणालाच मोडता आली नाही." आणि त्यांनी ती जुडी समोरच्या खंडेराव हमालाच्या हातात दिली.

खंडेरावानं ती कडाकड मोडली.

साहेब पोट धरून हसले. "अगदी हेच झालं! पुढे भाऊ पांगले. त्यातल्या एकानं आमचा देश वसवला."

तासभर बाजार थांबला. पाचशे वर्षांचं तुर्की राज्य, गुलाबांचं खोरं, लिपीचा सण, सगळं निघालं. ज्याच्याकडे जे पान आलं होतं, त्याला त्याच्या पुढचं हवं होतं. बाई एका कडेला उभ्या राहून ऐकत होत्या.

साहेब उठले तेव्हा पुंजारामनं बाईंची ओळख करून दिली. साहेबांनी त्यांना विचारलं, "तुम्ही तर सगळी पुस्तिका वाचली असेल?"

बाईंनी जोरजोरात होकारार्थी मान डोलावली.

"खरं बोललात, आभारी आहे," साहेब हसले. "आमच्याकडे अशी मान डोलावली की त्याचा अर्थ 'नाही' असा होतो. पुस्तिकेत अकराव्या पानावर दिलं आहे."

बाई कानापर्यंत लाल झाल्या. साहेबांनी बॅगेतून स्वतःची प्रत काढून त्यांच्या हातात ठेवली आणि शाळा बघायला ते पुंजारामबरोबर टांग्यात बसले.

बाई निघणार, तोच फुलाबाईनं पोतं झटकून पुढे सरकवलं.

"बसा बाई. आता पहिल्यापासनं वाचा, मोठ्यानं."