हट्ट्याला भरती येते

आमच्या हट्ट्याहून समुद्र बघायला जायचं तर एसटीत एक रात्र अन् एक दिवस हाडं खिळखिळी करून घ्यावी लागतात. तरी आमच्या गल्लीतले हबीबचाचा रोज ठरल्या वेळी घराबाहेर येतात, पायरीखालच्या चपला उचलतात आणि उंबऱ्यावर नेऊन ठेवतात. कारण विचारलं की म्हणतात, "भरतीची वेळ झाली."

चपला दोन जोड असतात. एक चाचांचा. दुसरा बाईमाणसाचा, हिरवा, रबरी, डाव्या पायाचा पट्टा निळ्या नायलॉनच्या दोऱ्यानं शिवलेला. चाचा एकटे राहतात. लग्न केलेलं नाही. त्यामुळं त्या हिरव्या जोडाबद्दल गल्लीत जे बोललं जातं, ते मी इथं लिहीत नाही. मला ऐकायलाही आवडायचं नाही, पण कान बंद करायला झाकण थोडंच असतं.

माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चाचांच्या दारासमोर आहे. मी कुणाचं फारसं ऐकून घेणारी बाई नाही. गिऱ्हाईकाला लाईनीत उभं करते, फोटो वाकडा आणला तर परत पाठवते. पण चाचांपुढं माझं चालत नाही. जमीन मोजायच्या कामात त्यांचा जन्म गेला. नोकरी लागली ती थेट कोकणात, समुद्राच्या काठच्या एका वाडीत, आणि रिटायर होऊन परत आले ते डोक्यात एक रेघ घेऊन.

"रेघ" हा त्यांचा जीव की प्राण. दोन भावांचं नालीवरून वाजलं, चाचा हजर. बगलेत गुंडाळलेली सतरंजी असतेच. ती अंथरायची, दोघांना बसवायचं, ग्रामपंचायतीच्या माणसालाही ओढून आणायचं आणि विचारायचं, "बराबर. पण रेघ कुणाची?" कुणी म्हणालं, माझी रेघ इथून जाते, की चाचा म्हणायचे, "तुमी तुमची मारली, त्यानं त्याची मारली. पान्यानं कुणाची मानायची? एका सतरंजीवर बसा अन् एकच मारा." नाली असो, लग्नाचा मांडव असो, माझ्या दुकानाची पायरी असो, सतरंजी अंथरल्याशिवाय सुटका नाही.

दुसरी एक खोड होती. सकाळी मी पायरीवर बसून माझ्या लेकीची वेणी घालते. कंगव्यानं भांग पाडायला घेतला की चाचा बसल्या जागेवरून उठायचे, मान खाली घालायचे आणि घरात जायचे. एकदा मी चिडून विचारलं, "काहून हो चाचा, पोरीच्या भांगानं तुमचं काय बिघडून राहिलं?" चाचा म्हणाले, "सरळ मागं फिरव ना बेटी केस. भांग कशाला." आता या माणसाला काय बोलावं.

भरतीची वेळ ते चांदावरून काढतात. चांदाची तारीख घ्यायची, तिचा चौथा हिस्सा वगळायचा, उरेल तितके वाजता भरती. पंधरावी तारीख असली की सव्वाअकरा. ही वेळ ते माझ्याच खडूनं माझ्याच फळ्यावर लिहितात. वरच्या अर्ध्या फळ्यावर मी लिहिलेलं असतं, पोलीस भरतीचे फॉर्म सुरू. खालच्या अर्ध्यावर चाचांची भरती. यातून एकदा जे व्हायचं ते झालं. फळ्यावर चाचांनी लिहिलं होतं, "आज भरती ११.१५. उधाण. सगळ्यांनी वरच्या बाजूला थांबावे."

अकरा वाजेपर्यंत गल्लीच्या वरच्या बाजूला पन्नासेक पोरं. वसमतची, डोंगरकड्याची, कुणी फाईल घेऊन, कुणी धावायचे बूट घालून, दोघं-चौघं बनियनवर दंड-बैठका काढून राहिलेले. एकानं मला अदबीनं विचारलं, "ताई, हे उधाणसाहेब कोन्त्या जिल्ह्याचे?" चाचांना वाटलं, इतक्या वर्षांनी गावानं ऐकलं. ते डोळे पुसत रांगेतून हिंडत होते अन् म्हणत होते, "शाब्बास. अशेच वरी थांबा." सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले, साहेब काही आले नाहीत. पुढं आठ दिवस मी पोरांच्या शिव्या खाल्ल्या.

हे सगळं हसण्यावारी न्यायला मी तयार होते. पण त्या घराचं काहीतरी वेगळं होतं, आणि ते मला रोज समोर बसून दिसायचं.

लोणा, म्हणजे ओलीनं भिंतीला फुटणारा खार, आमच्याकडं सगळ्याच भिंतींना लागतो. पण तो कसाही फुगतो, इथं पोपडा, तिथं पोपडा. चाचांच्या घराचा लोणा चारी भिंतींवर एकाच उंचीला होता. माझ्या गुडघ्याएवढा, दोरी धरून आखल्यासारखा. एकदा कुणी बघत नाही असं पाहून मी बोट लावून जिभेवर ठेवलं. साध्या लोणा लागलेल्या भिंतीची चव मला ठाऊक आहे. हे मीठ होतं.

मग कोंबड्या. शेजारच्या कोंबड्या दिवसभर चाचांच्या दारापुढं उकरत असतात. भरतीच्या वेळी सगळ्या एकदम गप्प होतात आणि एकापाठोपाठ एक भिंतीवर चढून बसतात. अर्ध्या तासानं उतरतात. दुसऱ्या दिवशी पाऊण तास उशिरा चढतात. माझ्या फळ्यावरचं कोंबड्यांना वाचता येत नाही.

आणि आवाज. हळद शिजून वाळली की ती घासायचे ढोल फिरतात, त्यांची खळखळ चैत्रात शिवारभर ऐकू येते. तसाच आवाज चाचांच्या दारातून यायचा. लांबून यायचा, जवळ यायचा, मग ओढत मागं जायचा. मी म्हटलं, ढोल असंल. चाचा म्हणाले, "ते पानी वाळूवरून परतून राहिलं, बेटी." मी हसले. घरी गेल्यावर आठवलं, आषाढ चालू आहे. आषाढात हळदीचा ढोल कोण फिरवतं? त्या दिवशी मी भाजीत मीठ घातलं नाही, हात धजला नाही.

दर महिन्याला चाचा माझ्याकडून एक अर्ज टाईप करून घ्यायचे. मजकूर तोच. चार कचेऱ्यांना चार प्रती. एक बंदराची, एक झाडांची, एक जमिनीची, एक मासळीची. विनंती अशी, की अमुक वाडीच्या किनाऱ्यावर चौघांच्या चार रेघा आहेत, तरी सर्वांनी पौर्णिमेच्या दिवशी एकत्र येऊन, उधाणाचे पाणी स्वतः पाहून, एकच रेघ मारावी. चौदा घरं अजून समुद्राच्या भिंतीतल्या फटीमागं आहेत. मला तो मजकूर पाठ झाला होता. वाडीचं नाव चाचा स्वतः पेनानं लिहायचे, मला टाईप करू द्यायचे नाहीत.

या आषाढात उत्तर आलं. चारी कचेऱ्यांची माणसं पौर्णिमेला वाडीत येणार, जुन्या मोजणीची वही घेऊन अर्जदारानं हजर राहावं. मी आनंदानं पेढा द्यायला गेले, तर चाचा पायरीवर बसलेले, तोंड उतरलेलं.

"मी तीन-चार दिवस न्हाई," ते म्हणाले. "चपला कोन उचलंल?"

"चाचा, चौदा घरांचं काम होऊन राहिलं अन् तुमाला चपलांचं पडलं?"

"आक्काच्या हायेत त्या."

मग त्यांनी सांगितलं. आधी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

आक्का म्हणजे वाडीतली एक विधवा कोळीण. नोकरीला लागल्यावर चाचा तिच्या पडवीत भाड्यानं राहिले. पहिल्याच महिन्यात किनाऱ्याची मोजणी निघाली. पाणी कुठवर चढतं, तिथं रेघ मारायची. "मी हट्ट्याचा मानूस. समुद्र पयल्यांदा बघत होतो. भरती म्हंजे भरती, एवढंच ठाऊक. अष्टमीची संध्याकाळ होती. सहा वाजता पानी चढलं, थांबलं. मी तिथं खुंटी मारली. आक्का दारात केस विंचरत उभी होती. मला बघून हाक मारली, आज भांग हाय, भाऊ."

माझ्या हातातला पेढा तसाच होता.

"मला वाटलं, बाई केसाचं बोलून राहिली. परक्या बाईच्या भांगाकडं बघायचं कसं? मी मान खाली घातली अन् रेघ मारून निघून आलो. कोकणात भांग म्हंजे लहान भरती, बेटी. पान्याला जोर नसतो तो दिवस. ती मला सांगत होती, आज मोजू नको, हे खरं पानी न्हाई. उधाणाला ये."

उधाण म्हणजे काय ते चाचांना पुढं आठ दिवसांनी कळलं, पौर्णिमेला, पाणी पडवीत आलं आणि त्यांच्या चपला घेऊन गेलं तेव्हा. आक्का हसून लोटपोट झाली. त्या दिवसापासून उधाण असो की भांग, ती रोज हाक मारायची, भाऊ, चपला उचला. पण तोवर रेघ चारी कचेऱ्यांत गेली होती. पुढं प्रत्येकीनं तिच्या आधारानं आपली वेगळी रेघ मारली. चाचा चारी ठिकाणी चूक कबूल करायला गेले. प्रत्येकानं सांगितलं, बाकीचे तिघं बदलतील तर आम्ही बदलू. तिघं-चौघं एका ठिकाणी कधी बसलेच नाहीत. मग समुद्राला भिंत घालायचं निघालं. एका कचेरीनं इकडून बांधत आणली, दुसरीनं तिकडून. आक्काच्या दारापुढं दोन्ही थांबल्या. "माझ्या रेघेनं तिथं पानी येतच न्हवतं. मंग भिंत कशाला?" एका घराच्या रुंदीची फट राहिली. आणि एका पावसाळ्यात, उधाणाला वारा मिळाला, तेव्हा समुद्र त्या फटीतून आत आला. चाचा कचेरीच्या कामाला तालुक्याच्या गावी गेले होते.

"तिसऱ्या दिवशी चपला वाळूवर आल्या. दोन्ही. जोड. आक्का आली न्हाई."

माझ्या लेकीच्या केसांकडं बघून हा माणूस रोज उठून का जायचा, ते मला आत्ता कळलं, आणि मी त्यांच्यावर किती वेळा खेकसले होते ते आठवून लाज वाटली. मी म्हटलं, "जावा तुमी. मी उचलते." चाचांनी वही घेतली, सतरंजी बगलेत मारली आणि गेले.

पहिले दोन दिवस काही नाही. पौर्णिमेला दुकानात गर्दी होती. कोंबड्या भिंतीवर चढल्या तेव्हा माझं लक्ष गेलं. सव्वाअकरा व्हायला आले होते. मी धावत समोर गेले. सवयीनं माझ्या चपला पायरीखाली काढल्या, आक्काचा हिरवा जोड उचलला आणि उंबऱ्यावर ठेवला. गल्लीत अगदी शांत झालं होतं. ऊन लख्ख, पावसाचा टिपूस नाही. ढोल लांबून खळखळत आला, जवळ आला. मी उंबऱ्यावर पाय वर घेऊन बसले. हसाल तर हसा, पण त्या वेळी पाय खाली सोडायची माझी छाती झाली नाही. मग तो आवाज ओढत मागं गेला आणि कोंबड्या उतरल्या.

मी चपला घालायला खाली आले. आक्काच्या कोरड्या होत्या. माझ्या ओल्या. आत बारीक पांढरी वाळू होती. आमच्या काळ्या मातीच्या गावात मी तसली वाळू कुठं पाहिलेली नाही.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचा परतले. सतरंजी मिठानं ताठ झालेली. मी विचारायच्या आधीच त्यांनी सांगायला घेतलं. साहेब लोकांना खुर्च्या मांडल्या होत्या. चाचांनी वाळूत सतरंजी अंथरली. कुणी बसेना. तेवढ्यात उधाणाचं पाणी खुर्च्यांच्या पायांना लागलं, तसे चौघं उठून वरच्या अंगाला सतरंजीवर येऊन बसले. तिथंच चाचांनी वही उघडली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, पहिली रेघ माझी होती आणि ती चुकली होती. चौघांनी पाणी बघितलं आणि एक रेघ मारली. चौघांच्या सह्या एका कागदावर. भिंतीची फट बुजवायचं ठरलं.

"किती वरी गेली रेघ?" मी विचारलं.

चाचांनी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "चपला?"

"उचलल्या."

"आक्काच्या?"

"आधी आक्काच्याच. माझ्या खाली राहिल्या."

"भिजल्या?"

मी म्हटलं, "व्हय." चाचांनी मान हलवली. त्यांना नवल वाटलं नाही.

आठ दिवसांनी, सकाळी, मी लेकीची वेणी घालत होते. मुद्दाम केस सरळ मागं फिरवायला घेतले. चाचा समोरच्या पायरीवर बसले होते. म्हणाले, "पाड ना भांग. चांगला दिसतो पोरीला." मी पाडला. चाचा उठले नाहीत. शेवटपर्यंत बघत बसले, मग माझ्या दुकानात येऊन खडू घेतला. अष्टमी होती. अष्टमीला ते आपला अर्धा फळा कायम कोरा ठेवायचे. त्या दिवशी त्यांनी लिहिलं, "आज भांग हाय, भाऊ."

डोंगरकड्याहून फॉर्म भरायला एक पोरगी आली होती. तिनं फळा दोनदा वाचला आणि विचारलं, "ताई, ही कोन्ती भरती?"

मी मशीन बंद केलं, तिला स्टूल दिलं आणि म्हटलं, "बस. सांगते."