चिनी गुलाबाचा गालिचा

मंडळी, बागकामात कठीण असं काही नसतं! चिनी गुलाबाची फांदी मोडायची, मातीत खोचायची, पाणी शिंपडायचं. थोड्या दिवसांत अंगणभर फुलांचा गालिचा! डोंबिवलीची नोकरी सोडून आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, गावच्या घरात मी पर्यटकांची राहायची सोय सुरू केली ती या गालिच्याच्या जोरावर. जाहिरातीत फोटोही टाकला. दुसऱ्याच्या बागेचा होता, पण आपलाही होणारच होता की!

"पहिलेच पाहुणे नाक मुरडून गेले, तर आपण परत डोंबिवलीला," बायकोनं, म्हणजे अमितानं, बजावलं.

"बघच तू!"

मे महिन्यात फांद्या खोचल्या. उन्हानं करपू नयेत म्हणून वर शेणखत, सुका पाला, गवत असं झकास पांघरूण घातलं आणि कुंड्या आणायला महाडला गेलो. परत येतो तो अंगणात धूर! शेजारी माझा थोरला भाऊ कोंडाजीदादा घाम पुसत उभा.

"तुझा राब भाजून दिला रे!"

आमच्याकडे भाताची रोपं करायची जागा आधी अशीच शेण-पाला पसरून भाजतात. पण अंगणात?

"दादा, फुलझाडं होती ती!"

"फुलं खातोस काय? गप ऱ्हा. पाऊस पडला की भात पेरून देतो."

आणि दिला की हो पेरून!

जुलैत पहिले पाहुणे आले, ठाण्याचे. मी देवाचा धावा करत दार उघडलं, तर बाई अंगणातच थबकल्या.

"अय्या, काय हिरवंगार लॉन! हाच का तो चिनी गुलाब?"

भात वीतभर वाढून डुलत होता.

"हाच! परदेशी जात. पावसात फुलं झोपतात," मी ठोकून दिलं.

"मग चहा झाला की इथेच फोटो! चला रे, कपडे बदला!"

कित्येक महिन्यांनी अमिता हसली. मी छाती फुगवून आल्याचा चहा टाकला. कपात ओततोय तोच बाहेर दादाचा आवाज, "उरका गो बायांनो!"

धावत गेलो. गावच्या बायकांनी सगळी रोपं उपटलेली, अंगणात नुसता चिखल! कडेला रोपांच्या जुड्या!

"दादा, हे काय केलंस?"

"शेतात लावणी हाय ना आज! तुझी रोपं लय भारी झाली बघ."

नवी साडी नेसून आलेल्या बाईंनी चिखलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ते परदेशी लॉन...?"

"परदेशी? नाय वो ताई, घरचा भात हाय!"

दुसऱ्या दिवशी मोबाईलवर त्यांचा अभिप्राय आला. 'चहा उत्तम. लॉन सुंदर होतं, चहा येईपर्यंत.'

अमितानं तो मोठ्यानं वाचला आणि माळ्यावरची बॅग काढली.

असो. चिनी गुलाब डोंबिवलीच्या गॅलरीतही फार छान येतो. आणि तिथे दादा नाही!