फक्त तपासतेय, काकू

आमच्या समोरच्या फ्लॅटमधली रूपाली माझ्या दाराची बेल वाजवण्याआधी मला मेसेज पाठवते. 'काकू, आत्ता बेल वाजवली तर चालेल का? वाजवत नाहीये, फक्त तपासतेय.' मी चष्मा शोधून, मेसेज वाचून, 'ये' असं लिहीपर्यंत ती बाहेर येरझाऱ्या घालत असते. लिफ्टपर्यंत नऊ पावलं, परत नऊ पावलं. शेवटी मीच दार उघडून ओरडते, "अगं ये बाई, तुझ्या तपासणीत माझा चहा निवला!"

वय अडतीस, लग्न केलेलं नाही, अंगाने काटकुळी, आणि एका जागी थांबणं ठाऊक नाही. खुर्चीत बसली तरी पाय चालूच. गाव घोटी, इथून गाडीने तासाभरावर. नोकरी पुण्याच्या कुठल्याशा कंपनीत, पण कंपनी भरते ती इथे इंदिरानगरात, तिच्या जेवणाच्या टेबलावर. काम काय करतेस विचारलं तर म्हणाली, "पाइपलाइनचं." मी वर्षभर समजत होते, पोरगी पाणीपुरवठ्यात आहे. आठवड्यातून दोनदा तिला विचारायचे, "उद्या पाणी येणार का गं?" तीही बिचारी खाली जाऊन, टाकी बघून येऊन सांगायची.

मग एकदा तिने मला नीट समजावलं. कंपनीतली मुलं प्रोग्राम लिहितात. तो तपासायचा, जुळवायचा, लोकांपर्यंत पोचवायचा, हे सगळं ओळीने आपोआप व्हावं म्हणून एक फाइल असते: आधी हे कर, मग ते कर. हीच ती पाइपलाइन. या फाइलीत एक स्पेस इकडची तिकडे झाली तरी अख्खं काम ठप्प. म्हणून फाइल चालवण्याआधी इंटरनेटवरच्या एका ठरलेल्या पत्त्यावर पाठवायची.

"त्याला एपीआय म्हणतात, काकू. खिडकी समजा. कागद आत सरकवला की आतून उत्तर येतं. बरोबर आहे, किंवा अमुक ओळीत चूक आहे. चालवत काही नाही. फक्त तपासतं."

"आणि तू दिवसभर त्या खिडकीत कागद सरकवतेस?"

"मी अशी सोय करते, की कुणीही फाइलीला हात लावला की ती आपोआप आधी खिडकीत जाईल."

हे ऐकून मला माझी कचेरी आठवली. रूपालीपेक्षा लहान असताना मी टायपिस्ट होते, आणि टाइप केलेलं परत वाचणं हा मला अपमान वाटायचा. बोटं अशी धावायची की साहेब बघत राहायचे, निदान माझी तशी समजूत होती. एकदा शोकसभेची नोटीस टाइप केली आणि लगेच पाठोपाठ बढतीचा हुकूम. बोटांत 'कै.' राहून गेला. बढती मिळालेले कै. जोशी स्वतः कागद घेऊन माझ्या टेबलाशी आले. मी काय म्हणावं? "सही तर साहेबांनी केलीये!" असं म्हणून वर गजरा नीट करत बसले. माझ्यासारख्या ठमाकाकूला रूपालीच्या खिडकीने दारातूनच हाकललं असतं.

पण रूपालीची तपासणी ऑफिसपुरती राहत नाही, ही पंचाईत आहे. मिसळ खायला गेलो तर वेटरला म्हणाली, "समजा मी मिडियम म्हटलं, तर किती तिखट येईल? आणू नका, फक्त सांगा."

तो म्हणाला, "ताई, समजा आणली, तर खाणार का?"

सोसायटीने टाकी धुण्याची नोटीस लावली, तर हिने खाली पेन्सिलीने लिहिलं: 'ओळ दोन: दहा म्हणजे सकाळचे की रात्रीचे? ओळ तीन: सही आहे, नाव नाही.' सेक्रेटरी आता नोटीस चिकटवतात आणि पळत सुटतात.

परवाच्या शनिवारी सकाळपासून चपलांचा आवाज थांबेना. मेसेज नाही, बेल नाही. मीच दार उघडलं.

"काय झालं गं?"

"'नो' अडकलाय, काकू."

फाइलीत तिने एके ठिकाणी 'नो' हा इंग्रजी शब्द लिहिला होता आणि खिडकीतून एकच उत्तर येत होतं: इथे शब्द हवा. "अहो, शब्दच तर लिहिलाय! दोन तास डोकं फोडलं, मग कळलं. अवतरणचिन्हात घातला नाही, तर यंत्र 'नो'ला 'खोटं' असं वाचतं."

"म्हणजे, नाही म्हटलं की खोटं?"

"अवतरणचिन्हं नसली तर."

मी हसत सुटले. "अगं, हे यंत्र आपल्याकडच्याच पंगतीत वाढलेलं दिसतंय!" आणि तिला माझी फजिती सांगितली. लग्नानंतर पहिल्याच जेवणाला सासूबाईंनी विचारलं, "श्रीखंड?" मी मान खाली घालून म्हटलं, "नको." माझ्या माहेरी नको तीन वेळा म्हणायचं आणि तिसऱ्यांदा वाटी हळूच पुढे करायची. सासूबाई सरळ पुढच्या पानाकडे वळल्या. पातेलं माझ्या डोळ्यांदेखत रिकामं झालं. स्वतःला फार चतुर समजणारी मी दुपारभर कोठीत बसून कच्चे शेंगदाणे खात होते, आणि या घरात माणुसकीच नाही म्हणून डोळे पुसत होते.

रूपाली हसली नाही. ती चालायची थांबली. पाच वर्षांत मी तिला पहिल्यांदा स्थिर उभी पाहिली.

"काकू, नानाही नको म्हणाले होते."

नाना म्हणजे तिचे वडील. आई गेल्यापासून घोटीच्या घरात एकटेच. गेल्या श्रावणात पडवीत घसरून पडले, शेजाऱ्यांनी उचललं, आणि हिला ते दोन दिवसांनी कळलं. दर रविवारी ही डबा घेऊन जाते, तासभर बसते, परत येते. एवढंच मला माहीत होतं.

"इकडे येता का, असं किती वेळा विचारलंस?"

"एकदाच. तीन वर्षांपूर्वी. उत्तर स्पष्ट होतं."

तिने मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. बसल्यावर पाय नीट जमिनीला टेकतील असा पलंग. भिंतीला धरायला दांडी. न्हाणीघरात खडबडीत फरशी. उशाशी रेडिओ आणि तंबाखूची नवी डबी. मी उघडून पाहिली, आत बडीशेप होती.

"हे कधीपासून?"

"तेव्हापासूनच. सगळं तपासून ठेवलंय." दांडीवरची धूळ बोटाने पुसत ती म्हणाली, "चालवलं नाही."

मग मोबाइल माझ्यापुढे धरला. नानांना पाठवायचा मेसेज. विषय, खाली मुद्दे एक ते सहा. "एवढं तपासता, काकू?"

"मुळीच नाही. फोन लाव. आणि मलाही ऐकू दे."

फोन लागला.

"नाना, तुम्ही इकडे राहायला या."

"नको गं. हितं काय कमी हाय मला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. बघा, आलं उत्तर! मी हातात डाव धरल्यासारखं करून पुन्हा वाढायची खूण केली.

"या ना, नाना. वेगळी खोली आहे."

"नाय पोरी. तुझं घरातच हापीस. माझी लय अडचण व्हईल."

मी पुन्हा डाव हलवला. पण रूपालीजवळचे मुद्दे संपले होते. ती पलंगाच्या कडेला बसली.

"नाना, मला एकटीला जेवण जात नाही."

पलीकडे चालू असलेला रेडिओ बंद झाला.

"तवा तू परत इचारलंच नाय," नाना म्हणाले. "मी म्हनलं, तोंडदेखलं इचारलं असंल."

रूपालीने तोंडावर हात दाबला. मग म्हणाली, "मी आत्ता निघते."

"आत्ता? जेवलीस का?"

"नाही."

"मंग ये. दोघांचा भात टाकतो."

गाडीची किल्ली तेवढी उचलून ती जिन्याने धावत खाली गेली. लिफ्टची वाटसुद्धा पाहिली नाही. मागे दार सताड उघडं, लॅपटॉप उघडा, पंखा गरगरतोय. मी माझ्या घरातून खुर्ची ओढून आणली आणि तिच्या दारात राखण करत बसले. थोड्या वेळाने उठले, आत गेले, आणि पलंगावरची चादर बाहेर आणून चांगली झटकली.