दरडोई एक बाटली

कर हा सर्वांनी भरायचा असतो, आणि म्हणूनच एकट्या आपण तो भरला नाही तर कुणाचं काही अडत नाही. हे सत्य लहानथोर सगळ्यांना उपजतच ठाऊक असतं. पण त्यासाठी दरमहा पगार देऊन माणूस ठेवावा, ही कल्पना मोठ्या कंपन्यांनाच सुचते. सोलापुरात हा मान दख्खन घासलेट कंपनीचा. सन १९२८ मध्ये कंपनीनं रा. रा. मल्लिकार्जुन सिद्रामप्पा बिराजदार यांना करखात्याचे मॅनेजर नेमलं. (काही भोळ्या मंडळींना वाटलं, हे गृहस्थ कर भरायला नेमलेत. भरायला काय, कारकूनही पुरतो.)

बिराजदार हे अत्यंत धर्मशील आणि निर्व्यसनी. चहासुद्धा घेत नसत. त्यांनी आल्या आल्या कंपनीचा नफा नेमका कुठं होतो याचा शोध घेतला. तेल ब्रह्मदेशात निघतं, मुंबईला डब्यात भरलं जातं, बिल होटगी स्टेशनात फाडलं जातं आणि पैसे सोलापुरात मिळतात. तेव्हा नफा यांपैकी एकाही ठिकाणी होत नसून तो अधेमधे कुठंतरी, रेल्वेच्या रुळावर होतो, असं त्यांनी सरकारला सप्रमाण कळवलं. रुळावर कर घेणारा अधिकारी सरकारनं नेमलेला नव्हता. सरकारची ही चूक, कंपनीची नव्हे.

उरली जकात. गावात येणाऱ्या घासलेटच्या डब्यावर नाक्यावर जकात बसे, आणि त्या पैशातून आमची दिवाबत्ती कमिटी पेठांतल्या रस्त्यांवर दिवे लावी. म्हणजे तेलाच्या पैशावर तेलच जळे. बिराजदारांना हा सरळसरळ अपव्यय वाटला. त्यांनी जकातीचे नियम आणवून वाचले. (हे नियम मुळापासून वाचणारे ते गावातले पहिलेच. करणाऱ्यांनीही ते वाचले नव्हते.) त्यात त्यांना एक कलम सापडलं. खेड्यातून बाजारला येणाऱ्या गोरगरिबांची अडवणूक होऊ नये, म्हणून घरखर्चासाठी हातात नेलेलं घासलेट, दरडोई एक बाटली, माफ होतं.

दयाबुद्धीनं लिहिलेल्या कलमासारखं सोयीचं कलम नाही. महिन्याभरात होटगीच्या रस्त्याला, नाक्याच्या पलीकडे हाकेच्या अंतरावर कंपनीची पत्र्याची शेड उभी राहिली. गावात डबा आणायचा नाही. गावानंच बाटली घेऊन शेडवर यायचं. वाचलेली जकात कंपनीनं गिऱ्हाइकाशी वाटून घेतली. बाटलीमागे एक पै गिऱ्हाइकाला, बाकीची कंपनीला. (निम्मं निम्मं वाटून घेण्याची रीत भावांभावांत असते, व्यापारात नसते.)

एका पैसाठी कोण कोसभर चालेल, असं कमिटीला वाटलं. कमिटीला आपलं गाव ठाऊक नव्हतं. शुक्रवार पेठेतली, आयुष्यात कधी देवदर्शनालाही पायी न गेलेली माणसं संध्याकाळी बाटली घेऊन नाक्याकडे निघू लागली. आमच्या घरी ही बाब कुटुंबाच्या अखत्यारीत येते, त्यामुळे मी फक्त सोबत म्हणून जात असे. नाक्यावर बिरप्पा नावाचा कारकून डोकी मोजी. तान्ह्या मुलालाही डोकं असतं, ही गोष्ट प्रथम कोष्ट्यांच्या एका बाईनं त्याच्या नजरेस आणून दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून गावातली सगळी तान्ही मुलं हवा खायला बाहेर पडू लागली. ज्यांना मुलं नव्हती ती शेजाऱ्यांची नेत. एका शेतकऱ्यानं आपल्या बैलाच्या नावे बाटली मागितली, तेव्हा बिरप्पानं प्रकरण वर पाठवलं. उत्तर यायचं आहे.

घासलेटची जकात पहिल्या सालात निम्म्यावर आली, दुसऱ्या सालात नाक्याच्या छपराला पुरेना. कमिटीनं मग काटकसर केली. आधी एकाआड एक दिवे बंद केले, मग उरलेले. जोतीराम हा आमच्या पेठेचा दिवे लावणारा. खांद्यावर शिडी घेऊन तिन्हीसांजेला यायचा. त्याची नोकरी गेली. तो तडक बिराजदारांकडे गेला, आणि त्या वेळी मी तिथं बसलो होतो म्हणून हे बोलणं मला शब्दशः देता येतं.

"आप्पा, पेठंत डोळ्यात बोट घातलं तर दिसत न्हाय," जोतीराम म्हणाला. "माजी बायकू मुक्ता पहाटंच्या भोंग्याला गिरणीत जाती. गटार कुटं अन् रस्ता कुटं, काय कळत न्हाय की."

"हौदु, हौदु. मग हातात कंदील द्यावा," बिराजदार कानडीत होकार भरत मायेनं म्हणाले.

"कंदिलाला त्याल लागतंय."

"शेडवर आहे की. पैनं स्वस्त."

बिराजदारांचं मन मोठं. त्यांनी त्याला शेडवर बाटल्या भरायच्या कामावर ठेवलं. (पगार आधीपेक्षा दोन रुपये कमी, कारण आता शिडी उचलावी लागत नव्हती.) दिवे गेल्यामुळे घरटी एकाचे दोन कंदील झाले आणि कंपनीचा खप दीडपट झाला. कंपनीनं बिराजदारांना सोन्याची साखळी दिली. अंधाराचा असा व्यवस्थित उपयोग करून घेणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

मार्गशीर्षात मुक्ताबाई पहाटे गिरणीला जाताना उघड्या गटारात पडली. कंदील होता, पण वाऱ्यानं विझला. मांडीचं हाड मोडलं, गिरणीतली जागा गेली. मला वाईट वाटलं. पेठेतल्या सगळ्यांनाच वाईट वाटलं, कारण मुक्ताबाई कुणाच्याही घरच्या आजारपणाला न बोलावता जाणारी बाई होती. त्यामुळे ती कुबड्यांवर उभी राहू लागल्यावर महादेवाच्या देवळापुढं सभा भरली. अध्यक्षस्थानी बिराजदारच होते. (गावात शिकलेला आणि संध्याकाळी मोकळा माणूस दुसरा नव्हता.)

सभा फार चांगली झाली. अंधाराचा कडक निषेध झाला. मग जोतीराम उठला. दोन सालांत त्याच्या अंगाला घासलेटचा वास कायमचा बसला होता.

"निषेद नगं," तो म्हणाला. "शेडवर जायाचं बंद करा. पेठंतल्या दुकानात त्याल घ्या. एक पै जादा जाईल, पर जकात ईल अन् दिवं लागतील. माजी शेडवरली नोकरी जाईल, ती जाऊ द्या. ज्याला पटतंय त्यानं हात वर करा."

सगळ्यांना पटलं. मीही मान डोलावली. अडचण एवढीच होती की सभा संध्याकाळची असल्यानं मंडळी परस्पर शेडवरून आली होती. एका हातात कंदील, दुसऱ्या हातात भरलेली बाटली. हात वर करायला मोकळा हात कुणालाच नव्हता. बिराजदारांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि नियमाला धरून विचारलं, "एकही नाही?"

तेव्हा देवळाच्या वरच्या पायरीवर दोन कुबड्यांवर उभ्या असलेल्या मुक्ताबाईनं हात वर केला. त्यासाठी तिला एक कुबडी सोडावी लागली, आणि ती पायऱ्यांवरून खाली आली. जोतीराम ओरडला. तिला उचलायला पंधरा-वीस जण धावले. धावण्याआधी प्रत्येकानं आपापली बाटली सांडणार नाही अशी जागा बघून नीट ठेवली, बूच घट्ट आहे की नाही ते पाहिलं, आणि मग धावले. तेवढ्यात जोतीराम एकट्यानंच तिला उचलून घेऊन गेला होता. ठराव एक विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला असता, पण एक मत देणारी व्यक्ती मोजणीच्या वेळी गैरहजर असल्याचं अध्यक्षांनी नोंदवलं.

वाचकहो, तुम्हाला संताप आला असेल. यायलाच हवा. तुम्ही तिथं असता तर आधी तिलाच उचललं असतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. फक्त त्या वेळी तुमची बाटली कुणाच्या हातात दिली असती, तेवढं सांगा.